बेळगाव जिल्ह्यातल्या सगळ्या पक्षांच्या कार्यकर्त्यांना खुलं पत्र: सही कुणाची ते नंतर बघा, आधी करार बघा

नमस्कार मंडळी,

कमळवाले, हातवाले, महाराष्ट्र एकीकरण समितीवाले आणि हिरवी शाल टाकून फिरणारे रयत संघाचे लोक, सगळ्यांना मिळून एकच पत्र लिहितोय. वेगवेगळं लिहिलं असतं तर ज्याला त्याला वाटलं असतं की हे त्या समोरच्यालाच लागू आहे. निपाणी भागात माझं बियाणं-खताचं दुकान आहे, दुकानाबाहेर एक बाकडं आहे आणि त्या बाकड्यावर तुमच्यातला प्रत्येक जण कधी ना कधी चहा पिऊन गेलाय, त्यामुळं कोण कधी काय बोललं ते मला पाठ आहे. नावं घेत नाही, घाबरू नका.

विषय एफटीएचा, म्हणजे मुक्त व्यापार कराराचा. आता निपाणीत बसून ब्रिटनच्या करारावरनं भांडायचं काय कारण असं कुणी पण विचारेल, पण भांडण झालं की. २४ जुलै २०२५ ला तिकडं सह्या झाल्या आणि संध्याकाळपर्यंत इकडं ग्रुपवर दोन तट पडले, एकीकडं ऐतिहासिक, जगात डंका, दुसरीकडं देश विकला, शेतकरी संपला. मी दोन्हीकडं विचारलं, बाबांनो ह्यात तेलाचं काय झालंय, दुधाचं काय झालंय? कुणाकडं उत्तर नाही. एकच गोष्ट दोन्ही बाजूंना पक्की माहीत होती, स्कॉच व्हिस्कीवरची ड्युटी १५० टक्क्यांवरनं लगेच ७५ वर येणार आणि दहा वर्षांत ४० वर. तिथं मात्र पक्षभेद दिसला नाही. (आमच्याकडं ड्युटी म्हणजे काय हे शिकवायला लागतच नाही म्हणा, गोव्याची बाटली कणकुंबीच्या चेकपोस्टवर का पकडतात हे शाळेतल्या पोराला पण माहीत असतंय.)

बरं, उत्तर अवघड होतं अशातला पण भाग नाही. दूध, खाद्यतेल, सफरचंद आपण त्या कराराच्या बाहेर ठेवलंय. साखर ब्रिटननं त्यांच्या बाजूनं बाहेर ठेवली. म्हणजे शेतकरी संपला म्हणणाऱ्यांचं म्हणणं निदान आपल्या दुधाला आणि सोयाबीनला तरी लागू पडत नाही, आणि डंका वाजवणाऱ्यांनी हे सांगितलं नाही की एवढे कारखाने उभे असलेल्या आपल्या जिल्ह्याच्या साखरेला तिथं काहीच मिळालेलं नाही. चार ओळींत संपणारी गोष्ट, तिच्यावर आठवडाभर शिवीगाळ.

मग मी एक खोडी काढली. एके दिवशी दोन्ही बाजूचे बसलेले असताना म्हटलं, एक करार सांगतो, सरकार कुणाचं ते सांगणार नाही, तुम्ही फक्त चांगला की वाईट ते बोला. आग्नेय आशियातल्या दहा देशांशी करार, इंडोनेशिया-मलेशियाचं पामतेल, व्हिएतनामची मिरी आणि कॉफी, बहुतेक मालावरची ड्युटी टप्प्याटप्प्यानं कमी करायची, ४८९ वस्तू तेवढ्या यादीतनं बाहेर. बोला. कुणी बोलेना. इकडं बघतात, तिकडं बघतात, शेवटी एक जण म्हणाला, आधी सांग हे कुणाच्या काळातलं? सगळे हसले, पण त्यानं खरं बोलून टाकलं होतं. काळ कुणाचा ते कळल्याशिवाय मत फुटतच नव्हतं.

तर आता सांगतो कुणाच्या काळातलं. हा आसियानचा करार. त्याचा सांगाडा ऑक्टोबर २००३ मध्ये बालीला ठरला, तेव्हा वाजपेयी पंतप्रधान. सही झाली ऑगस्ट २००९ मध्ये, तेव्हा मनमोहन सिंग. लागू झाला १ जानेवारी २०१० पासून. आता घ्या कुणाच्या नावानं ओरडायचं ते. साफ्टा घ्या, शेजारच्या देशांबरोबरचा, जानेवारी २००४ मध्ये इस्लामाबादला सही वाजपेयींच्या काळात, लागू झाला २००६ मध्ये मनमोहन सिंगांच्या काळात. आरसेप घ्या, आसियान, चीन, न्यूझीलंड वगैरे देशांचा मिळून मोठा करार, बोलणी सुरू झाली २०१२ मध्ये काँग्रेसच्या सरकारात, बाहेर पडलो ४ नोव्हेंबर २०१९ ला मोदींच्या सरकारात, आणि बाहेर पडल्यावर भाजपवाले म्हणाले बघा आमच्या नेत्याची छाती, काँग्रेसवाले म्हणाले बघा आम्ही विरोध केला म्हणून झुकले. अरे पण त्या खोलीत पहिल्यांदा जाऊन बसलं कोण होतं? आणि पुढची सात वर्षं, त्यातली पाच भाजपची, तिथनं उठलं का नाही कोण?

अजून मागं जायचं तर पेटंटचा कायदा. डब्ल्यूटीओत, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेत गेल्यावर तो बदलावा लागणार होता, १९९५ मध्ये विरोधकांनी राज्यसभेत तो अडवला, अडवणाऱ्यांत भाजप पुढं. १९९९ मध्ये वाजपेयी सरकारनं जवळजवळ तेच बिल आणलं आणि काँग्रेसच्या मदतीनं पास करून घेतलं. कापसाचं तर ताजंच आहे, सौंदत्ती-बैलहोंगल भागातल्यांना विचारा. फेब्रुवारी २०२१ च्या बजेटमध्ये आयात कापसावर ११ टक्के बसवले तेव्हा पोस्ट आल्या की शेतकऱ्याला संरक्षण. ऑगस्ट २०२५ मध्ये तेच ११ टक्के वर्षअखेरीपर्यंत काढून टाकले तेव्हा त्याच लोकांच्या पोस्ट, कापड उद्योगाला दिलासा. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी खऱ्या असतील पण मग २०२१ ला कापड उद्योगाचं आणि २०२५ ला शेतकऱ्याचं दुखणं एकाला पण कसं दिसलं नाही?

हा रोग आपल्यापुरताच नाही, त्यामुळं फार वाईट वाटून घेऊ नका. अमेरिकेत रिपब्लिकन पक्ष म्हणजे एके काळी बाहेरच्या मालाला भिंत घालणारा पक्ष, १९३० चा स्मूट-हॉली कायदा त्यांच्याच दोघांच्या नावानं ओळखला जातो. डेमोक्रॅट त्याच्या उलट, रूझवेल्टच्या सरकारनं १९३४ मध्ये देशादेशांशी करार करून ड्युटी उतरवायचा कायदा केला. साठेक वर्षांनी सगळं उलटं. १९९३ मध्ये नाफ्टा, म्हणजे अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोचा करार, खालच्या सभागृहात २३४ विरुद्ध २०० नं पास झाला, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन डेमोक्रॅट, पण बाजूनं मत देणाऱ्यांत १३२ रिपब्लिकन आणि त्याच्या स्वतःच्या पक्षाचे १०२ च. मग २०१६ ची निवडणूक आली, ट्रम्प उठून म्हणायला लागला की हे करार म्हणजे सत्यानाश, आणि प्यू रिसर्चच्या पाहण्या बघा, २०१५ पर्यंत रिपब्लिकन मतदारांतले निम्म्याहून जास्त लोक असे करार देशासाठी चांगले म्हणत होते, वर्ष-दीड वर्षात त्यांच्यातलेच बहुसंख्य लोक वाईट म्हणायला लागले. मेक्सिको जागेवर होता, कारखाने जायचे तेव्हाच गेले होते, करारातलं एक कलम सुद्धा त्या काळात हललं नव्हतं. नेता काय बोलतो तेवढं बदललं. पुढं त्याच ट्रम्पनं नाफ्टाची कलमं बदलून नवीन नावानं करार आणला तर तो खालच्या सभागृहात ३८५ विरुद्ध ४१ नं पास, दोन्ही पक्ष खूश.

कॅनडात तर १९८८ ची आख्खी निवडणूक अमेरिकेबरोबरच्या करारावर लढली गेली, लिबरल पक्ष विरोधात होता, आणि १९९३ ला तोच सत्तेवर आल्यावर नाफ्टा लागू त्यांनीच केला. विरोधी बाकावरनं दिसणारा करार आणि खुर्चीवरनं दिसणारा करार वेगळा असतो असं दिसतंय, जगभर.

पण एक फरक आहे आणि तो तुम्ही लक्षात घ्या. तिकडं निदान मत नोंदलं जातं. नाफ्ट्याला कुणी हात वर केला, कुणी केला नाही ते तीस वर्षांनी पण निघतं, निवडणुकीत तोंडावर फेकतात. आपल्याकडं करार सरकार करतं, संसदेत त्याच्यावर मतदान घ्यायलाच पाहिजे असं काही नाही, कायदा बदलायचा असेल तर तेवढ्यापुरतं बिल येतं. त्यामुळं आपल्या खासदारानं कुठल्या कराराला होय म्हटलं हे कुठल्याच वहीत सापडत नाही. वहीच नाही म्हटल्यावर बोलायला काय जातंय, आज हे उद्या ते. माझं म्हणणं असं की आपल्याकडं पक्ष बघून मत बदलणं सोपं झालंय ह्याचं अर्धं कारण हेच आहे.

आता तुम्हाला वाटेल हे असंच चालायचं, पहिल्यापासनं असंच आहे. नाही हो. आपल्या सीमाभागात तर अजिबात नव्हतं. तुमच्यातली तरुण पोरं आहेत त्यांना माहीत नसेल म्हणून जरा सविस्तर सांगतो.

१९८१ ला निपाणीत तंबाखूचं आंदोलन झालं, शरद जोशी आले, पुणे-बंगळूर हायवे अडवून शेतकरी बसले, शेवटी गोळीबार झाला, माणसं गेली. तेव्हापासनं ह्या भागात जोशींच्या शेतकरी संघटनेची लाल बिल्लेवाली माणसं तयार झाली. दुसऱ्या बाजूनं कर्नाटकात प्रोफेसर नंजुंडस्वामींचा रयत संघ, त्यांची हिरवी शाल. आणि मग १९९१ च्या शेवटी डंकेल प्रस्ताव आला, जगाचा व्यापार खुला करायचा, शेती पण त्यात. एका शेतकरी नेत्यानं त्याला पाठिंबा दिला आणि दुसऱ्यानं कडाडून विरोध. जोशी स्वित्झर्लंडची नोकरी सोडून आलेले, त्यांचं म्हणणं की शेतकऱ्याला परदेशी कंपनी लुटत नाही, आपलंच सरकार लुटतंय, निर्यातबंदी घालून, लेव्ही लावून, भाव पाडून, बाजार खुला होऊ द्या, आमचा माल आम्ही विकतो. नंजुंडस्वामी कायद्याचे प्राध्यापक, त्यांचं म्हणणं की आज बाजार उघडाल, उद्या बियाणं कंपनीच्या हातात जाईल, मग शेतकरी स्वतःच्या रानात कुळ होऊन राहील. १९९२ च्या डिसेंबरात रयत संघाचे लोक बेंगळुरूत कारगिल ह्या अमेरिकन कंपनीच्या ऑफिसात घुसले आणि कागदं बाहेर काढून फेकली, पुढच्या वर्षी डंकेलच्या विरोधात तिथंच प्रचंड सभा झाली.

आम्ही दोन्ही ऐकत होतो. मराठी कळत होतं, कन्नड पण कळत होतं, बाकीच्या महाराष्ट्राला नंजुंडस्वामी पेपरात वाचायला मिळायचे आणि बाकीच्या कर्नाटकाला जोशी, आमच्याकडं दोघं पण बाजारात भेटायचे. आमच्या घरात वडील बिल्लेवाले आणि मामा चिकोडीकडचे, हिरव्या शालीचे. सणाला एकत्र बसले की जेवण राहायचं बाजूला. वडील म्हणायचे तंबाखूला परवान्याशिवाय हलता येत नव्हतं, सरकारनं काय दिलं आम्हाला? मामा म्हणायचा उद्या तुझ्या बियाण्यावर पण परवाना येईल, कंपनीचा. आवाज चढायचे, आई ओरडायची. पण एक गोष्ट सांगतो, त्या भांडणात काँग्रेस आणि भाजप हे शब्द मी ऐकले नाहीत. भांडण होतं ते तंबाखूच्या दरावर, बियाण्यावर, बंदीवर, पिकावर. दोघांतलं बरोबर कोण ठरलं हे मला अजून नीट सांगता येत नाही, माझ्याच दुकानात कंपनीचं बियाणं पाकिटातनं विकतो म्हटल्यावर मामाचं थोडंफार तरी खरं झालंय, आणि मधनंच एका रात्रीत निर्यातबंदी येते तेव्हा वडिलांचं. पण मत म्हणतात ते हे. आता तुम्ही ग्रुपवर टाकता ते फॉरवर्ड आहे, वरनं आलेलं, खाली ढकललेलं.

आता सोयाबीनचं सांगतो, कारण ते माझ्या गिऱ्हाइकांच्या घरात जाऊन बसलंय. निपाणी-चिकोडी पट्ट्यात सोयाबीन किती आहे ते सांगायला नको. २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये होता आणि बाजारात त्याच्या खाली. कारण काय? बाकड्यावर विचारलं तर एक म्हणतो हे करार करून ठेवलेत त्यामुळं, दुसरा म्हणतो काँग्रेसनं आसियान केला त्याचं फळ. दोन्ही नुसतं हवेत. बाहेरचं तेल स्वस्त आलं की सोयाबीनचा भाव पडतो हे खरं, पण ते स्वस्त कुणी केलं ते बघा. आसियानच्या करारात कच्च्या पामतेलावरची ड्युटी उतरत उतरत ३७.५ टक्क्यांपर्यंतच खाली आणायची होती, त्याच्या खाली जा म्हणून कुणी बांधलेलं नव्हतं. आणि प्रत्यक्षात काय झालं? सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर सगळं मिळून २७.५ टक्के केली, भाव जरा हलला, ३० मे २०२५ ला ती १६.५ वर आणली, ऐन पेरणीच्या तोंडावर. ही कुठल्याच करारानं सांगितलेली गोष्ट नाही. ही दिल्लीतनं निघालेली एक नोटिफिकेशन आहे, एका पानाची, तेलाचा डबा महाग झाला की शहरातला मतदार ओरडतो म्हणून काढलेली. मनमोहन सिंगांच्या काळात २००८ ला तर कच्च्या खाद्यतेलावरची ड्युटी सरळ शून्य केली होती, तेव्हा आसियानवर सही पण व्हायची होती. दोन्ही सरकारांनी करारापेक्षा जास्त खाली ड्युटी आपण होऊन आणली. करारावर आठवडाभर भांडणाऱ्यांपैकी एकानं पण त्या नोटिफिकेशनवर पोस्ट टाकली नाही, कारण तिच्यावर कुणाचा फोटो नसतो.

जिथं करार खरंच आडवा येतो ती जागा वेगळीच आहे. नेपाळमधनं येणारं सोयाबीन तेल. नेपाळात म्हणावं तसं सोयाबीन पिकतच नाही, ते लोक अर्जेंटिना-ब्राझीलचं कच्चं तेल आणतात, रिफाइन करतात आणि साफ्टाखाली आपल्याकडं शून्य ड्युटीनं पाठवतात. सप्टेंबर २०२४ ला आपण ड्युटी वाढवली तसं हे येणं एकदम वाढलं. ह्याच्यावर बोला की! ह्याच्यात दोन्ही पक्षांची सरकारं आहेत, दोन्ही पक्षांच्या शेतकऱ्यांचं नुकसान आहे, त्यामुळंच बहुतेक कुणाच्या कामाचा विषय नाही.

आणि हे पण समजून घ्या की खरं मत कधीच एकसारखं असणार नाही, आणि ते बरंच आहे. काजू बघा. चंदगड-खानापूर पट्ट्यात ज्याची बाग आहे त्याला आफ्रिकेतनं येणारी काजू बी नको, ज्याचा प्रक्रियेचा कारखाना आहे त्याला ती पाहिजे कारण इथल्या बीवर वर्षभर भट्टी चालत नाही, आणि त्या कारखान्यात काजू सोलणाऱ्या बायकांना पण ती पाहिजे कारण बी संपली की काम बंद. एका गावात तीन मतं. तिघंही एकाच पक्षाला मत देत असतील कदाचित. चपलेचं बघा, अथणी, मदभावी, निपाणीचा कारागीर, त्याच्या चपलेला कोल्हापुरी म्हणून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे आणि त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, आपला बेळगाव त्यात. ब्रिटनच्या करारात चामड्याच्या आणि चपला-बुटांच्या मालावरची १६ टक्क्यांपर्यंतची ड्युटी शून्य होते. म्हणजे हा करार ज्याच्या खरोखर कामाचा आहे तो माणूस आपल्याच जिल्ह्यात बसलाय, आणि मी विचारलं तर त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. डंका वाजवणाऱ्यांनी पण नाही.

दुधाचं तर काय बोलायचं. २०१९ ला आरसेपच्या वेळी न्यूझीलंडची दूध पावडर येणार म्हणून सगळे एकत्र होते, रयत संघ रस्त्यावर, स्वदेशीवाले विरोधात, काँग्रेस पण विरोधात. २०२३ च्या एप्रिलमध्ये विधानसभेच्या तोंडावर गुजरातचं अमूल विरुद्ध कर्नाटकाचं नंदिनी असं झालं, तेव्हा गुजरातचं दूध म्हणजे परकं आक्रमण असं अर्धे लोक म्हणायला लागले आणि बाकीचे अर्धे म्हणाले त्यात काय झालं, आणि कोण कुठल्या बाजूला हे दुधावरनं ठरलंच नाही. आमच्या सीमेवरच्या गावातनं दूध नंदिनीला पण जातं आणि गोकुळला पण, ज्याचा दर चार आणे जास्त त्याची किटली भरते. डिसेंबर २०२५ मध्ये न्यूझीलंडशी बोलणी पुरी झाली, दूध आपण बाहेर ठेवलं, तर तिकडं त्यांच्या सरकारातलाच एक पक्ष, न्यूझीलंड फर्स्ट, आमच्या दुधाला काय मिळालं म्हणून कराराच्या विरोधात उभा राहिला. सत्तेत बसून विरोध! आपल्याकडच्या एखाद्या तालुका अध्यक्षानं आपल्या पक्षाच्या करारावर असं बोलून दाखवलं तर मी त्याला बाकड्यावर पोहे खायला घालीन.

समितीवाल्यांना वेगळं दोन शब्द. तुम्ही म्हणाल हा आमचा विषय नाही, आमचा प्रश्न वेगळा. मान्य. पण सीमेवर नाका बसला की माल कसा अडकतो आणि कुणाचा खिसा गरम होतो हे कोगनोळीच्या नाक्यावर जीएसटी यायच्या आधी ज्यानं रात्र रात्र ट्रकमध्ये काढली त्याच्याइतकं कुणाला माहीत आहे? ते तुमचेच लोक होते. बोला की त्यांच्या वतीनं.

मागणी एवढीच. जिल्ह्यात २०२४ ला चिकोडी काँग्रेसकडं गेलं, बेळगाव भाजपकडं, खानापूर-कित्तूर कारवारला जोडलेलं ते पण भाजपकडं. म्हणजे दोन्ही पक्षांचा खासदार आपल्याकडं आहे, सबब नको. तुम्ही कार्यकर्ते मंडळींनी आपापल्या खासदाराकडनं, कुठलाही नवीन करार झाला की पंधरा दिवसांच्या आत, एक कागद आणायचा. त्यात सोयाबीन तेल, दूध पावडर, काजू बी, कापूस, साखर, चप्पल आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीतलं कास्टिंग, एवढ्या सात गोष्टींवर आधी ड्युटी किती होती, आता किती, किती वर्षांत. आणि खाली खासदाराची सही, ह्या कराराला माझा पाठिंबा आहे किंवा नाही. संसदेत वही नसेना, आपण आपली वही ठेवू. कागद एपीएमसीच्या गेटवर लावायचा, बसस्टँडवर लावायचा. करारांचे मूळ कागद वाणिज्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर इंग्रजीत पडलेले असतात, जाडजूड, ते वाचून सात ओळी काढायला एक माणूस आणि एक संध्याकाळ पुरते. झेंडे लावायला ह्याच्यापेक्षा जास्त माणसं लागतात तुम्हाला.

आणि तोपर्यंत बाकड्यावर एक नियम लावतोय. कराराबद्दल बोलायचं असेल तर पहिल्यांदा ड्युटीचा आकडा सांगायचा, नेत्याचं नाव नंतर. आकडा माहीत नसेल त्यानं चहाचे पैसे सगळ्यांचे द्यायचे.

आपला,
निपाणी भागातला एक बियाणं-खत दुकानदार

ता. क. कागद मराठीत लावायचा की कन्नडमध्ये ह्यावर नवीन भांडण काढू नका. दोन्हीत लावा, झेरॉक्सचे पैसे मी देतो.